एफएसएच ग्राहीची नैसर्गिक रूपे

पुटकोद्दीपक हॉर्मोन (एफएसएच) बीजांडकोशातील ग्रॅन्युलोसा पेशींवरील (पुटकात, म्हणजे बीजांड वाढवणाऱ्या पिशवीत, बीजांडाभोवती असलेल्या पेशींवरील) ज्या प्रथिनाला चिकटते, त्या ग्राहीत व्यक्तिपरत्वे आढळणारे जनुकीय फरक. या ग्राहीचे जनुक दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. प्रथिन ६९५ ॲमिनो आम्लांचे. हॉर्मोन जोडले जाताच पेशीत चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो आणि पुढे अरोमाटेज हे एन्झाइम तयार होऊन इस्ट्रोजेन बनते.

सर्रास आढळणारे फरक दोन : ३०७ व्या स्थानी थ्रिओनीन किंवा ॲलॅनीन, ६८० व्या स्थानी ॲस्परजीन किंवा सेरीन. पहिले स्थान पेशीबाहेर, दुसरे आतल्या शेपटीत. ते बहुधा जोडीनेच वारशात येतात. त्यामुळे परिणाम नेमका कोणाचा, हे वेगळे काढणे अवघड जाते.

इ. स. २००० मधील एका जर्मन अभ्यासात परखनळी उपचारासाठी दुहेरी ॲस्परजीन (जनुकाच्या दोन्ही प्रतींत ६८० व्या स्थानी ॲस्परजीन) असलेल्या स्त्रियांना एफएसएचच्या सरासरी सुमारे ३२, तर दुहेरी सेरीन असलेल्यांना सुमारे ४७ कुप्या लागल्या. कारणाबाबत मतभेद आहेत. प्रयोगशाळेतील पेशीवंशांत ग्राही बाहेरून घातल्यावर दोन्ही रूपे सारखीच वागत, म्हणून काहींनी फरकच नाकारला. मात्र अशा पेशींत ग्राहींची गर्दी असते; तीत लहान फरक झाकला जात असावा. रुग्णांच्याच ग्रॅन्युलोसा पेशी वापरलेल्या २०१४ च्या प्रयोगांत सेरीन रूपाचा संदेश संथपणे चढताना दिसला. सेरीनवर फॉस्फेट बसू शकते, हेही या मताला पूरक. फरक संदेशाच्या वेळेत आहे, ही मांडणी अधिक पटणारी आहे.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील अभ्यासात जनुकाच्या प्रवर्तकातील (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागातील) −२९ या स्थानी दोन्ही प्रतींत ‘ए’ हे अक्षर असण्याचा बीजांडकोशाच्या क्षीण प्रतिसादाशी संबंध दिसला. 

तपासणीसाठी रक्त ईडीटीए या गोठणरोधकाच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. हेपॅरिन हा दुसरा गोठणरोधक पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडवतो. ६८० व्या स्थानासाठी बीएसआर-वन हे डीएनए कापणारे एन्झाइम ६५° से. ला वापरतात. ते सेरीनची प्रत कापते, ॲस्परजीनची नाही. मिश्र (दोन्ही रूपांची एकेक प्रत असलेल्या) नमुन्यात डीएनएच्या तुकड्यांचे तीन पट्टे उमटतात. नळीचे झाकण सैल राहिले तर द्रव आटतो, कापणी अर्धवट होते आणि दुहेरी सेरीन मिश्र म्हणून वाचले जाते. म्हणून दुहेरी सेरीनचा ज्ञात नमुना प्रत्येक वेळी सोबत चालवावा. एफएसएचच्या इंजेक्शनची मात्रा मात्र वय, एएमएच (बीजांडांचा साठा सुचवणारे हॉर्मोन) आणि पुटकांची संख्या पाहूनच ठरते.

दुर्मिळ उत्परिवर्तनांपैकी १८९ व्या स्थानाचे फिनलंडमध्ये १९९५ साली सापडले. त्याने स्त्रियांचे बीजांडकोश निकामी होतात, पुरुषांत शुक्रजनन फक्त घटते. ४४९ व्या स्थानाचे (२००३) उलट टोकाचे : ग्राही गर्भारपणातील एचसीजी या हॉर्मोनलाही प्रतिसाद देते आणि औषधाविना बीजांडकोश सुजतात.