सैल तळ आणि ताठरलेला तळ

बाळंतपणानंतर खोकताना लघवी निसटली, की घरातल्या थोरल्या बायका "अंग सैल झालंय" म्हणतात आणि कोणीतरी मोबाइलवर पाहून केगेलचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम सुचवते. बहुतेकदा तो निष्कर्ष बरोबर असतो. मात्र लघवीचा त्रास नेमक्या उलट कारणाने, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहिल्यानेही होतो, आणि तेव्हा तोच व्यायाम दुखणे वाढवू शकतो.

जघनास्थीपासून, म्हणजे ओटीपोटाच्या खाली पुढे लागणाऱ्या हाडापासून, माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देतात. गरोदरपणातला वाढता भार आणि प्रसूतीच्या वेळचा ताण यांमुळे ते सैलावतात. सिझेरियन झाले तरी नऊ महिन्यांचा भार चुकलेला नसतो. अशी बाई विहिरीवरून भरलेली कळशी उचलते किंवा लावणीत चिखलातून पाय उपसते, तेव्हा लघवी निसटते, आणि दिवेलागणीपर्यंत खाली काहीतरी उतरल्यासारखे जड वाटते.

ताठरलेल्या स्नायूंची तक्रार वेगळी असते. लघवीची धार अडखळत येते, होऊनही राहिल्यासारखी वाटते, एकाएकी घाई होते, शौचाला कुंथावे लागते, शरीरसंबंध दुखतात. टाक्यांची वेदना आणि ती पुन्हा होईल ही भीती यांमुळे शरीर नकळत आवळून धरले जाते. एसटीच्या लांबच्या प्रवासात लघवी दाबून धरण्याची आपल्याकडची सवयही त्यात भर घालते. गोंधळ होतो तो इथेच: आधीच वळलेली मूठ आणखी वळत नाही, तसा ताठरलेला स्नायू तपासणीत अशक्तही भासतो.

सैल स्नायूंसाठी श्वास न कोंडता आणि नितंब न आवळता आठ वेळा आवळणे, प्रत्येक वेळी पूर्ण सैल सोडणे, असे दिवसातून तीनदा, किमान तीन महिने करावे लागते; गरोदरपणातही ते सुरू करता येते. ताठर स्नायूंना आधी पोटातून संथ श्वास घेऊन सैल सोडणे शिकावे लागते, ज्याचा उपयोग प्रसूतीच्या वेळीही होतो. पोटपट्टा घट्ट बांधून यातले काहीच साधत नाही.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, तेव्हा स्नायूंचा दाब मोजणारे उपकरणही वापरले होते. मोबाइलपर्यंत येताना व्यायाम तेवढा उरला, तपासणी गळाली. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाताना लघवी निसटते केव्हा, धार कशी येते आणि दुखते कुठे, या तीन गोष्टी न लाजता सांगाव्यात.