परदेशी शिक्षणाची कागदपत्रे : अर्ज भरण्याआधी नाव ताडून पाहा

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला गुणांचा अधिकृत उतारा) मिळवून देणे, प्रमाणपत्रांचे साक्षांकन व अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देते ते प्रमाण) करून देणे आणि मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करणे ही आमच्या कार्यालयाची कामे आहेत. कोणत्या देशात जावे किंवा कोणते विद्यापीठ निवडावे हा सल्ला आम्ही देत नाही. ते ठरवून, आणि पुष्कळदा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तारीखही घेऊन, विद्यार्थी आमच्याकडे येतात. त्यामुळे प्रवेशाची सगळी प्रक्रिया या पत्रकात पुन्हा सांगत नाही. मात्र एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतात : सगळे कागद हातात आहेत, तर काम आजच सुरू का होत नाही? आम्ही आधी प्रत्येक कागदावरील नाव पासपोर्टवरील नावाशी ताडून पाहतो आणि ते जुळल्याशिवाय किंवा न जुळण्याचे कारण कागदावर आणल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाही, हे त्याचे उत्तर आहे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने विद्यार्थ्यांचा जितका वेळ वाया जाताना आम्ही पाहतो, तितका दुसऱ्या कशानेही जात नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना ही अडचण अधिक येते, याचे कारण आपल्या गुणपत्रिकांच्या पद्धतीत आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग विद्यार्थ्याचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत छापलेले असते. काही विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर तर आईचे नावही त्याच ओळीत शेवटी जोडलेले असते. समजा, एखाद्या विद्यार्थिनीचे नाव गुणपत्रिकेवर 'कुलकर्णी अदिती मिलिंद सुनीता' असे छापले आहे. आपल्याकडच्या कोणालाही यातले आडनाव कोणते आणि आईचे नाव कोणते हे सांगावे लागत नाही. परदेशातील प्रवेश विभागात बसलेली व्यक्ती मात्र पहिला शब्द हे नाव आणि शेवटचा शब्द हे आडनाव असे धरून चालते आणि तिच्या नोंदीत या मुलीचे नाव 'कुलकर्णी' आणि आडनाव 'सुनीता' होते. चूक तिची नाही आणि आपलीही नाही, पण निस्तरावी आपल्यालाच लागते.

पासपोर्टवर मात्र नावाचे दोनच भाग असतात : आडनाव आणि दिलेले नाव ('गिव्हन नेम'). मधल्या नावासाठी वेगळा रकाना नसतो, म्हणून वडिलांचे नाव असल्यास ते दिलेल्या नावाच्या रकान्यातच, विद्यार्थ्याच्या नावापुढे, येते. आपला पासपोर्ट यंत्राला कसा वाचता येतो हे पाहायचे असेल तर फोटो असलेल्या पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळी पाहाव्यात. प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात. वरच्या ओळीत आधी 'पी' हे अक्षर, मग देशाची खूण म्हणून 'आयएनडी', त्यानंतर आडनाव, मग सलग दोन कोनी चिन्हे (<<) आणि त्यांच्यापुढे दिलेले नाव असते. त्या दोन कोनी चिन्हांच्या अलीकडे जे आहे ते आपले आडनाव आणि पलीकडे जे आहे ते नाव, मग घरी, शाळेत किंवा आधार कार्डावर काहीही असो. विमानतळावरचे यंत्र हीच ओळ वाचते, आणि व्हिसा व प्रवेशपत्र यांवरील नावही तिच्याशी जुळावे लागते.

कोणती चूक सर्वांत महागात पडते

बहुतेक विद्यार्थी प्रवेश अर्ज भरताना दहावीची गुणपत्रिका समोर ठेवतात आणि त्यावरचा क्रम जसाच्या तसा पहिले नाव, मधले नाव, आडनाव या रकान्यांत उतरवतात. अर्ज स्वीकारला जातो, शुल्क भरले जाते, प्रवेशाचे पत्रही येते, आणि आडनाव पहिल्या रकान्यात गेल्याचे तोवर कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा दाखला, म्हणजे अमेरिकेच्या विद्यापीठाचा आय-२० किंवा ब्रिटनच्या विद्यापीठाचा सीएएस, त्याच चुकीच्या नावाने तयार होतो आणि व्हिसाचा अर्ज पासपोर्टनुसार भरायला घेतल्यावर दोन्हींचा मेळ बसत नाही. मग विद्यापीठाला पत्र लिहून दुरुस्ती मागावी लागते आणि ती नेमकी सत्र सुरू होण्याच्या तोंडावर, म्हणजे तिथल्या कार्यालयावर कामाचा सर्वाधिक ताण असताना. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख त्यामुळे पुढे गेली, तर विमानाचे तिकीट आणि वसतिगृहाची खोली हेही सगळे तिच्यामागे सरकते.

म्हणून आमची विनंती अशी आहे की अर्ज भरताना गुणपत्रिका बाजूला ठेवावी आणि फक्त पासपोर्ट समोर ठेवावा. अर्जात मधल्या नावाचा रकाना असेल तर वडिलांचे नाव तिथे लिहायला हरकत नाही. पासपोर्टवर ते असताना गाळू मात्र नये, आणि नसताना आपल्या मनाने घालू नये. आयईएलटीएससाठी भारतात पासपोर्ट हेच ओळखपत्र चालते, त्यामुळे तिथे नोंदणीच्या वेळीच हा प्रश्न सुटायला हवा. निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो, पण त्यावरचे नाव वेगळे असेल तर त्या दोन वर्षांचा उपयोग नाही.

काही पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि संपूर्ण नाव दिलेल्या नावात असते. बहुधा फॉर्म भरून देणाऱ्याने घाईत तसे केलेले असते आणि इतकी वर्षे कोणाचे काही अडलेलेही नसते. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात अशा वेळी ते संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिले नाव अज्ञात, अशी तीन अक्षरे येतात. पुढे तिथल्या बँकेत, वाहन परवान्यावर आणि नोकरीच्या कागदांवर ती अक्षरे नाव म्हणून पाठीमागे लागू शकतात. असा पासपोर्ट असणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आम्ही अर्ज करण्यापूर्वीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्यायला सांगतो, आणि काही पालकांना हा सल्ला विनाकारण खर्चाचा वाटला तरी आम्ही तो देत राहू.

स्पेलिंग, लग्नानंतरचे नाव आणि पालकांची नावे

स्पेलिंगचा प्रश्न दिसायला किरकोळ पण व्यवहारात चिवट असतो. दीपाली एका कागदावर 'आय'ने आणि दुसऱ्यावर 'डबल ई'ने लिहिलेली असते. चौधरी हे आडनाव एकाच घरातील दोन भावंडांच्या प्रमाणपत्रांवर दोन तऱ्हांनी छापलेले आढळते. अशा किरकोळ फरकासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून दिले की बहुतेक ठिकाणी भागते. परंतु प्रतिज्ञापत्राने सगळे भागते असा जो समज आहे तो खरा नाही. नाव किंवा आडनावच बदललेले असेल तर शासनाच्या राजपत्रात (गॅझेटमध्ये) ते प्रसिद्ध करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा लागतो.

विवाहित विद्यार्थिनींच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने, असे असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा दोन्हींना जोडणारा दुवा असतो, आणि ते अर्जासोबत पहिल्यापासून जोडावे. लग्नात आडनावाबरोबर नावही बदलले असेल तर केवळ विवाह प्रमाणपत्रावर विसंबू नये, राजपत्रही घ्यावे.

कोणता कागद बदलायचा, असे विचारणाऱ्यांना आमचे मत स्पष्ट आहे. अर्ज अजून गेले नसतील आणि दहावीपासून पदवीपर्यंतचे सर्व कागद एकमेकांशी जुळत असतील, तर एकटा पासपोर्ट दुरुस्त करणे सोपे पडते. मंडळाच्या गुणपत्रिकेतील चूक शाळेमार्फत संबंधित विभागीय मंडळाकडे जाते, शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीचा उतारा काढावा लागतो आणि पदवीची दुरुस्ती त्यानंतर विद्यापीठाकडे वेगळी करावी लागते. यातले काहीही आम्ही विद्यार्थ्याच्या अर्जाशिवाय करू शकत नाही. उलट, अर्ज एकदा गेल्यावर पासपोर्टला हात लावू नये. नव्या पासपोर्टवर क्रमांकही बदलतो आणि जुना क्रमांक तोपर्यंत परीक्षेच्या निकालावर आणि विद्यापीठाच्या नोंदीत गेलेला असतो.

पालकांच्या नावांचा विचार फार थोडे जण करतात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ते खाते आई किंवा वडिलांचे असेल तर नाते दाखवणारा जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्रही लागते. तो जन्मदाखला कपाटातून बाहेर काढल्यावर कधी त्यावर बाळाचे नावच नसते, कधी आईचे माहेरचे नाव असते, तर कधी वडिलांच्या बँक खात्यावर 'सुरेशकुमार' आणि दाखल्यावर 'सुरेश' असते. नाव घालून घेणे किंवा दुरुस्त करणे हे महापालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या निबंधकाचे काम आहे, म्हणून दाखला पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावा. यापुढे नावांचे भाग आणखी वाढणार आहेत, कारण १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरवले आहे.

आमची पद्धत अशी का आहे

अनेक जण थेट म्हणतात, 'तुम्ही अपोस्टिल करून टाका, म्हणजे प्रश्न मिटला.' अपोस्टिलने हा प्रश्न मिटत नाही. १९६१ च्या हेग करारानुसार दिले जाणारे अपोस्टिल हे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचे प्रमाण असते, मजकूर बरोबर असल्याचे नव्हे. त्यामुळे चुकीच्या नावाच्या प्रमाणपत्रावर केलेले अपोस्टिल चुकीच्या नावावरच राहते, आणि प्रमाणपत्र दुरुस्त होऊन आल्यावर राज्य पातळीवरचे साक्षांकन व परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. भारतात हा करार २००५ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. तरीही अनेक विद्यापीठे प्रवेशासाठी अपोस्टिल मागतच नाहीत. ज्यांना त्याची गरज नाही त्यांना आम्ही तसे सांगतो आणि ते काम घेत नाही. जर्मनीला जाणाऱ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागद तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचे, प्रमाणपत्र लागते, आणि तिथेही शैक्षणिक कागद व पासपोर्ट शेजारी ठेवूनच अर्ज तयार करावा लागतो.

भाषांतराचेही तसेच आहे. मराठी जन्मदाखल्यावर 'क्षीरसागर' हे एकाच तऱ्हेने लिहिलेले असते, पण इंग्रजीत ते कसे उतरवायचे हे भाषांतरकार ठरवतो, आणि त्याच्यासमोर पासपोर्ट नसेल तर भाषांतरच एक नवी विसंगती जन्माला घालते. म्हणून पासपोर्टची प्रत दिल्याशिवाय आम्ही एकपानी दाखल्याचेही भाषांतर करत नाही. इतर ठिकाणी हे काम तासाभरात होते असे ग्राहक सांगतात. आमच्याकडे त्याला एक दिवस लागतो, कारण भाषांतर झाल्यावर दुसरी व्यक्ती प्रत्येक नाव अक्षरशः बोट ठेवून पासपोर्टशी मिळवते.

नाव-तपासणीचे शुल्क आम्ही आधी घेतो, पण ट्रान्सक्रिप्ट, साक्षांकन किंवा भाषांतर आमच्याकडे करून घेतल्यास ते त्या बिलातून वजा होते. तपासणीनंतर प्रत्येक विद्यार्थ्याला एक पानाचा तक्ता मिळतो, ज्यात कोणत्या कागदावर नाव कसे आहे, कुठे फरक आहे आणि तो कशाने भरून काढायचा हे लिहिलेले असते. काम दुसरीकडे करून घ्यायचे असले तरी तो तक्ता आपलाच राहतो.

विद्यापीठाने बंद पाकिटात दिलेले ट्रान्सक्रिप्ट आत काय आहे हे पाहण्यासाठीही उघडू नये. पाकिटाच्या झाकणावरील शिक्का फाटला की ते कागद बहुतेक परदेशी संस्थांच्या दृष्टीने बाद होतात. त्यातील नाव तपासायचे असेल तर अर्ज करतानाच एक जादा प्रत उघड्या पाकिटात मागून घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे लॅमिनेट करू नयेत, कारण साक्षांकनाचा शिक्का प्लास्टिकवर उमटत नाही.

पहिल्या भेटीला येताना पासपोर्ट, दहावी, बारावी व पदवीच्या सर्व गुणपत्रिका, जन्मदाखला आणि ज्या खात्यातून शिक्षणाचा खर्च होणार आहे त्या खात्याच्या पासबुकाचे पहिले पान आणावे. विवाह किंवा नावबदल झाला असल्यास त्याचा कागदही सोबत असावा. आम्ही मूळ कागद समोरच पाहून परत देतो. तपासणीसाठी प्रती पुरेशा असतात, आणि पासपोर्ट तर आम्ही रात्रभरही कार्यालयात ठेवून घेत नाही. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली असेल तर फोनवरच तसे सांगावे, म्हणजे त्या विद्यार्थ्याचा तक्ता आधी हाती घेता येतो.