बायोडिझेलच्या आम्लतेचे मोजमाप : पार्श्वभूमी

तेलातील मुक्त मेदाम्ले (तेलाच्या रेणूंपासून सुटी झालेली आम्ले) मोजण्याची रीत बायोडिझेलहून पुष्कळ जुनी आहे. साबणाच्या आणि खाद्यतेलाच्या धंद्यात तेलाचा नमुना अल्कोहोलमध्ये घेऊन, त्यात फेनॉल्फथॅलिन या रंगदर्शकाचे थेंब टाकून, गुलाबी छटा टिकेपर्यंत अल्कलीचे द्रावण सोडत. एक ग्रॅम तेलाला जितके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागे, तो त्याचा आम्लांक. डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली नागपुरात स्थापन झालेल्या तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञान शिकवले जात असल्याने ही चाचणी या शहराला परकी नाही.

विदर्भाच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोहामुळे वाढते. मोहाच्या बियांच्या कच्च्या तेलात मुक्त मेदाम्ले वीस टक्क्यांच्या आसपासही आढळतात, आणि बायोडिझेल करण्यासाठी असे तेल थेट अल्कली उत्प्रेरकाबरोबर घेतले तर साबण होतो व ग्लिसरीन नीट वेगळे होत नाही. म्हणून आधी आम्लांक मोजून, गंधकाम्ल व मिथेनॉल वापरून तो खाली आणावा लागतो. तेल गडद असले की गुलाबी छटा दिसत नाही, ही अडचण मात्र उरतेच.

रंगावरचे हे अवलंबन, द्रावणाची आम्लता विद्युत दाबावरून सांगणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडने दूर केले. १९०९ मध्ये हाबर व क्लेमेन्सीविच यांनी त्याचा अभ्यास मांडला, १९३० च्या दशकात बेकमन यांचे पीएच मीटर आले, आणि पुढे खनिज तेलांसाठी विभवमापी अनुमापनाची (अल्कली सोडत विद्युत दाबातील बदल आलेखावर टिपण्याची) एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी ६६४ ही पद्धत रूढ झाली. बायोडिझेलने ती तशीच उचलली, आणि माझ्या मते पुढच्या बऱ्याच अडचणी इथूनच सुरू झाल्या. टोल्युइन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अगदी थोडे पाणी अशा द्रावकात काचेचा पडदा कोरडा पडतो व वाचन रेंगाळते. दोन चाचण्यांच्या मध्ये इलेक्ट्रोड पाण्यात भिजवला नाही, तर एकाच नमुन्याचे दोन आकडे जुळत नाहीत. पुढे या मानकात बायोडिझेल व त्याच्या मिश्रणांसाठी स्वतंत्र पद्धत जोडली गेली. मर्यादाही कडक झाली : अमेरिकी बायोडिझेल मानकात आम्लांक ०.८० वरून ०.५०, आणि आयएस १५६०७ या भारतीय मानकातही ०.५०.

मिश्रणांचे मोजमाप अधिक नाजूक आहे. ०.५० आम्लांकाचे बायोडिझेल २० टक्के मिसळले, तर त्याचा वाटा जेमतेम ०.१० भरतो, आणि आलेखातील वळण पुसट होते. शिवाय डिझेलमध्ये घातलेली काही पूरक रसायनेही अल्कली खातात, त्यामुळे मिश्रणाच्या आकड्यावरून दोष कोणत्या घटकाचा हे कळत नाही. मिसळण्यापूर्वीच शुद्ध बायोडिझेलचा आम्लांक नोंदवलेला असावा लागतो.