मे महिन्यातलं मऊ अंडं

सकाळी खुराड्याचं दार वर उचललं तर भुशात एक अंडं पडलेलं. उचललं आणि दचकलोच. टरफलच नव्हतं. नुसती पांढरट कातडी, लिबलिबीत. बोटाने दाबलं की खळगा पडायचा, सोडलं की भरून यायचा. शेजारच्या आक्का कुंपणावरून बघत होत्या. "माय वं! तुम्हनी कोंबडीले नजर लागनी," म्हणत त्या घरात गेल्या आणि दोऱ्यात ओवलेलं लिंबू नि सात मिरच्या घेऊन आल्या. खुराड्याला बांधूनही टाकलं. आक्कांना नको म्हणायची आमच्या गल्लीत कोणाची टाप नाही.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. घरी पाच कोंबड्या, एक कोंबडा, दिवसभर मोकळे. सकाळी दादरीचे, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचे, चार दाणे टाकले की पुढची सोय ते स्वतः बघतात: उकिरड्यावरच्या अळ्या, गोठ्यातले किडे, शेवग्याखालचा पाला. दुपारी निंबाखाली चुलीची राख पसरतो, तिथे धूळस्नान चालतं. कुशीवर लोळत, एक पंख उलगडून, एक डोळा मिटून. राख पिसांच्या बुडाशी जाते, जादा तेल टिपते, पिसवाही हुसकते. हे बघण्यात माझी रोजची पंधरा मिनिटं जातात, बायकोच्या हिशेबाने तासभर.

तर अंडं. बलक सुटल्यापासून पूर्ण अंडं बाहेर यायला साधारण २५ तास लागतात. म्हणूनच कोंबडी रोज थोडं उशिरा अंडं घालते, आणि उशीर होत होत दुपार गाठली की एक दिवस खाडा करते. बलकाभोवतीच्या पांढऱ्याला तीनेक तास, त्यावरच्या दोन कातड्यांना तास-सव्वा तास. उरलेले जवळपास वीस तास एकट्या टरफलाला. टरफल म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट, संगमरवराचंच द्रव्य. एका टरफलाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. आणि कोंबडीच्या सगळ्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम २५ मिलिग्रॅम. हिशेब करा. रक्तातला साठा दर पंधरा मिनिटांनी संपतो आणि पुन्हा भरावा लागतो, तोही रात्री, पोटात फारसा दाणा नसताना.

भरतं कोण? हाडं. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पहिल्यांदा अंड्यावर यायच्या दहा-पंधरा दिवस आधी, इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने, तिच्या मांडीच्या आणि नळीच्या हाडांच्या पोकळीत एक वेगळंच जाळीदार हाड तयार होतं. ही तिची कणगी: दिवसा भरायची, रात्री उपसायची. २००५ साली टायरॅनोसॉरस रेक्स या डायनासोरच्या एका जीवाश्म हाडात असंच जाळीदार हाड सापडल्याचं संशोधकांनी सांगितलं आणि तो प्राणी अंड्यावर आलेली मादी होती, असा निष्कर्ष काढला. त्यावर वाद झाला. तरी उकिरडा उकरणाऱ्या आमच्या कोंबडीकडे मी तेव्हापासून जरा आदराने बघतो.

आमच्या धाब्याच्या घराची मागची भिंत खालून वीतभर खडबडीत झाली आहे. दिवस कलला की कोंबड्या तिथे ओळीने उभ्या राहून चुना टोचतात. वडील ओरडायचे, भिंत खाऊन टाकतील म्हणून. पण भिंतीवरचा चुना वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट झालेला असतो. रात्रीच्या कामाचा माल त्या संध्याकाळी भरून घेतात. (तंबाखूच्या डबीतला ओला चुना मात्र त्यांच्यापुढे ठेवू नका, तो भाजतो.)

आता माझा आवडता भाग. कॅल्शियम झालं, पण कार्बोनेट कुठून? ते खाण्यातून येत नाही, श्वासातून बाहेर पडायच्या वायूतून येतं. पेशींत जळणातून कार्बन डायऑक्साइड बनतो, तो पाण्यात विरघळतो आणि कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम झपाट्याने त्याचं बायकार्बोनेट करतं. टरफलाच्या पिशवीत त्याला कॅल्शियम भेटलं की कार्बोनेटचे स्फटिक जमू लागतात. जो वायू तुम्हीआम्ही फुकट सोडून देतो, त्यातलाच थोडा कोंबडी भिंत बांधायला वापरते.

आणि इथेच आमचा मे महिना आडवा येतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ गाठतो. कोंबडीला घर्मग्रंथी नाहीत. ती चोच उघडून धापा टाकते आणि तोंडातल्या ओलाव्याची वाफ करून अंग थंड ठेवते. एरवी मिनिटाला वीस-तीस असणारे श्वास दोनशेच्या पुढे जातात. त्या धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड भराभर उडून जातो. रक्तातलं कार्बोनिक आम्ल घटतं, रक्त जास्त अल्कधर्मी होतं, बायकार्बोनेटही उतरतं. शिवाय अल्कधर्मी रक्तात कॅल्शियमचे जास्त आयन प्रथिनांना चिकटून बसतात, म्हणजे एकूण कॅल्शियम तेवढंच दिसलं तरी मोकळं, कामाला येणारं कमी. विटाही कमी, चुनाही कमी. त्यात उन्हाने दाणा खायची इच्छा गेलेली. टरफल पातळ होतं. कधीकधी होतच नाही. नवी तलंगही सुरुवातीला असं अंडं घालते, काही रोगांतही हे दिसतं. पण आमची ती कोंबडी तीन वर्षांची, धडधाकट, आणि आठवडाभर दुपारी चोच वासून बसलेली.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यावर सरळ इलाज करून पाहिला: तापलेल्या कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजलं. उडून गेलेला वायू पाण्यातून परत दिला, आणि टरफलांची प्रत सुधारली. हे वाचल्यावर राहवेना. लग्नसराईतली एक गोटी सोड्याची बाटली परातीत ओतली. कोंबडा बुडबुड्यांना बिचकून मागे सरला, कोंबड्यांनी चार घोट घेतले. एका बाटलीने काही होत नाही, हे मला कळतं. खरा उपाय साधाच: खुराड्यावर ओली गोणपाटं, माठाचं गार पाणी, दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर, संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा.

जाता जाता, तपकिरी टरफल म्हणजे गावरान आणि पौष्टिक, हेही खरं नाही. तो रंग कोंबडीच्या जातीचा, शेवटच्या काही तासांत चढणाऱ्या प्रोटोपॉर्फिरिन या रंगद्रव्याचा. मोकळ्या कोंबडीची खूण शोधायचीच तर बलकात बघा, हिरवा पाला खाल्ला की तो केशरीकडे झुकतो. अर्थात पिवळा मका चारूनही तो रंग आणता येतो. आणि कडकनाथची काळी अंडी म्हणून जे फोटो मोबाइलवर फिरतात, ते बघून पैसे मोजू नका. कडकनाथ अंगाने काळी असते, अंडं फिक्कट बदामी घालते.

आठ-दहा दिवसांत टरफलं टणक झाली. आक्का खूश. लिंबू वाळून तिथेच लटकतंय, मिरच्या मात्र नाहीत. त्या कोंबड्यांनीच उड्या मारून खाल्ल्या. आपल्या जिभेला मिरची भाजते, कारण तिच्यातलं कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूंवरच्या एका ग्राहकाला, म्हणजे दाह टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. पक्ष्यांच्या ग्राहकाला ते जवळजवळ जाणवतच नाही. आक्कांना मी हे सांगितलं नाही. मिरच्या नजरेने खाल्ल्या, असं त्यांनी परस्पर ठरवलं आहे आणि येत्या शनिवारी नव्या बांधायच्या आहेत.