रविवारचं गुंतवळ : केस वाढवणाऱ्या तरुण गिऱ्हाइकांसाठी

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास आमच्या लालबागच्या दुकानात एक तरी मुलगा मुठीत केसांचा पुंजका घेऊन येतो. कागदाच्या पुडीत बांधून आणणारेही आहेत. "काका, अंघोळीत एवढे गेले. टक्कल पडतंय का हो? सगळे काढूनच टाका." बाकावर सहा जण ताटकळत असतात आणि मी कात्री खाली ठेवून गेल्या रविवारी दुसऱ्याला सांगितलं तेच परत सांगत बसतो. म्हणून हा कागद छापला. नंबर येईपर्यंत वाचून घ्या.

त्या पुंजक्याला गुंतवळ म्हणतात. आजीला विचारा, तिला माहीत असेल. पूर्वी बायका विंचरताना निघालेले केस पिशवीत साठवायच्या आणि दारावर येणारी भांडीवाली त्याच्या बदल्यात काहीतरी देऊन जायची. केस गळतात म्हणून तेव्हा कोणी घाबरत नव्हतं.

हिशेब असा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज 50 ते 100 गळणं ठीकच आहे. केस बारीक कापलेले असताना तेवढेच गळत होते, पण इंचभर केस उशीवर, टॉवेलमध्ये, वाऱ्यावर कुठे गेला ते कळायचं नाही. आता सोमवारी बुचडा बांधलात की मुळापासून सुटलेला केस आतच अडकून राहतो. रविवारी डोक्यावरून अंघोळ केली की सात दिवसांचे 350 ते 700 केस एकदम हातात येतात, तेही फूटभर लांबीचे. पुंजका मोठा दिसणारच.

एक केस घेऊन उजेडात धरा. एका टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्यापेक्षा बारीक गोळा दिसला तर "मूळच उपटलं" असं समजू नका. तो केस आपली मुदत संपवून पडलाय. मूळ कातडीत शाबूत आहे आणि तिथून नवा येतो. गोळा नाही आणि केस आखूड आहे, तर तो तुटलाय. आमच्याकडे येणाऱ्या पुड्यांमध्ये असे तुटलेलेही बरेच सापडतात, आणि ते तुमच्याच हातचं काम आहे.

सकाळी डोकं धुवायचं, निथळत्या केसांचाच घट्ट बुचडा बांधायचा आणि धावत जाऊन लोकल पकडायची. ओला केस कमजोर असतो, ताणला की पटकन तुटतो. त्यात आपल्या मुंबईची दमट हवा, आतला भाग संध्याकाळपर्यंत वाळत नाही. खाज येते, कोंडा असेल तर वाढतो, वास येतो तो वेगळाच. आणि बांधायला काय, तर भाजीच्या जुडीचं रबर! ते काढताना केस घेऊनच निघतं. रोज एकाच जागी घट्ट ओढून बांधलं तर कपाळावरच्या आणि कानशिलाजवळच्या मुळांवर ताण येतो. सुरुवातीला सैल सोडलं तर तिथले केस परत येतात, पण वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवलं तर ती जागा कायमची उघडी पडू शकते.

तेव्हा केस मोकळे ठेवून वाळू द्या, निदान ऐंशी टक्के तरी. गाडीत अडचण होत असेल तर कापडी रबराने मानेशी सैल बांधा. रात्री एकदा जाड दातांच्या कंगव्याने विंचरा, टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर. वरून खाली ओढलंत तर बारीकसारीक गाठी एकत्र होऊन त्यांची जट होते. रोजचं गुंतवळ रोज निघालं की रविवारी पुंजकाही जमत नाही.

जट सोडवण्याचे आम्ही वेगळे 200 रुपये घेतो, त्यावर कुरकुर होते. मागच्या महिन्यात एका मुलाची जट सोडवायला दोन तास लागले. कात्रीने पाच मिनिटांत उडवली असती, पण त्याची दीड वर्षाची वाढ गेली असती. हे काम रविवारी घेत नाही. मधल्या वारी दुपारी या. आणि तेल थापून येऊ नका. तेलकट केसांवर कात्री घसरते आणि आधी डोकं धुवावं लागतं.

आता "सगळे काढून टाका"बद्दल. जावळ काढल्यावर केस दाट येतात हे घरोघरी सांगतात. मोठ्या माणसाच्या डोक्याला ते लागू नाही. वस्तऱ्याने केसाचं टोक बोथट होतं म्हणून हाताला जाड लागतं, इतकंच. मुळं तेवढीच राहतात. केस महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतो, म्हणजे खांद्यापर्यंत यायला दोन वर्षांहून जास्त. त्यामुळे पुंजका हातात घेऊन आलेल्याचं डोकं आम्ही त्या दिवशी करत नाही. चार दिवसांनी या, मन तेच असेल तर करू. गिऱ्हाईक परत पाठवतो म्हणून बाजूचे दुकानदार हसतात. हसू देत.

खरंच टक्कल पडतं तेव्हा ते हातातल्या केसांपेक्षा डोक्यावर आधी दिसतं. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, भोवऱ्यापाशी केस आधी बारीक आणि मग विरळ होतात, बाजूचे आणि मागचे टिकून राहतात. हे आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांकडून येऊ शकतं. दर तीन महिन्यांनी एकाच उजेडात भोवऱ्याचा फोटो काढा. आम्हाला सांगितलंत तर आम्हीच काढून देऊ. फरक दिसला तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड ही औषधं आहेत, पण डॉक्टरला विचारूनच घ्या. मिनॉक्सिडिलने सुरुवातीला गळती वाढल्यासारखी वाटते, आणि बंद केलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. नाण्याएवढा गोल चट्टा पडला तर ती चाई, तिलाही डॉक्टरच लागतो. पावसाळ्यात डेंग्यू नाहीतर टायफॉइड झाला असेल आणि दिवाळीच्या आसपास भराभर केस जात असतील, तर ताप गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी असं होतंच. बहुतेकांचे सहा महिन्यांत सावरतात. आम्ही वाढीचं तेल विकत नाही. दर आठवड्याला कोणीतरी बाटल्या घेऊन दारात येतं, चहा पाजून परत पाठवतो.

राहिला केस वाढवायला लागल्यापासूनचा पाचवा ते आठवा महिना. केस कानावर येतात पण बांधता येत नाहीत, घरी "झिपऱ्या काप" सुरू होतं, ऑफिसातही कोणी ना कोणी बोलतं. निम्मी पोरं इथेच कंटाळून सगळं कापतात. त्याआधी आमच्याकडे या. वरची लांबी तशीच ठेवून मानेवरचे आणि कानामागचे केस बसवून देतो, चेहरा नीटनेटका दिसतो. टोकं कापल्याने केस भराभर वाढतात असं मी म्हणणार नाही, पण फाटलेली टोकं गेली की गुंता कमी होतो. केस वाढवणाऱ्यांना दर तीन महिन्यांनी टोकं कापायला 100 रुपये, नेहमीच्या कटिंगपेक्षा कमी. किती इंच कापायचं ते बोटाने दाखवा, "थोडेसे" म्हणू नका.

सोमवारी दुकान बंद. गणपतीच्या आधीचे आठ दिवस लांब केसांच्या या कामांसाठी नंबर मिळणार नाही, त्याआधी श्रावणात मात्र दुकान रिकामंच असतं.