लॉगबुकवर सही कोणाची? ग्रामीण पोस्टिंग आणि ऑनलाइन आधाराची पार्श्वभूमी

वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी शिकण्यासाठी गावातल्या केंद्रात जातात, तेव्हा तिथे त्यांना शिकवणाऱ्यांना ऑनलाइन आधार कसा द्यायचा, हा विषय आहे. त्याची सुरुवात १९४६ च्या भोर समितीच्या आरोग्यसेवांवरच्या अहवालापासून करायची रीत आहे. १९७७ मध्ये प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं जोडून द्यायची योजना आली, तिच्यासोबत फिरत्या दवाखान्यांच्या गाड्याही आल्या. गाड्यांचं पुढे काय झालं, तो वेगळा विषय.

खरा गुंता एका शब्दाचा आहे. नागपुरातल्या कॉलेजातून निघणाऱ्या पत्रात 'पर्यवेक्षक' म्हणजे इंटर्नचं काम पाहून त्याच्या लॉगबुकवर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवर, सही करणारा, बहुधा केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. पण तालुक्याच्या आरोग्य विभागात पर्यवेक्षक हे एक पदच आहे. आरोग्य सहायकांच्या वरचं, साथरोग आणि हिवताप सर्वेक्षणाच्या कामावर देखरेख ठेवणारं. 'पर्यवेक्षकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण' असं पत्र सावनेर किंवा भिवापूरला पोहोचलं, तर ते कोणाच्या टेबलावर जाईल? 'मार्गदर्शक' म्हणावं, तर तो शब्द पदव्युत्तर प्रबंधाच्या गाइडने अडवलाय. नर्सिंगच्या मुलींना उपकेंद्रात प्रत्यक्ष शिकवणाऱ्या सिस्टरसाठी तर वेगळं नावच नाही. नाव नाही, म्हणून यादीत नाही. यादीत नाही, म्हणून लिंकही नाही.

२०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतांवर आधारलेला झाला. विद्यार्थ्याला अमुक एक काम जमतं, हे कोणीतरी पाहून लिहून द्यायचं. कॉलेजच्या शिक्षकांना शिकवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. केंद्रातल्या डॉक्टरकडे ओपीडी, लसीकरण आणि शवविच्छेदन आधीचंच होतं.

मग २०२०. मार्चमध्ये दूरवैद्यकाच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून रुग्णाला सल्ला देण्याच्या, मार्गदर्शक सूचना आल्या, टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेले आणि सप्टेंबरमध्ये पदव्युत्तर निवासी डॉक्टरांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने सक्तीचे झाले. कॉलेजात हात कमी पडतील, यावर बरीच चर्चा झाली. जिल्ह्यात त्यांना शिकवणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मागेच राहिला. निवासी डॉक्टरने फोनने, ऑनलाइन माध्यमातून मूळ विभागाशी संपर्क ठेवावा, शैक्षणिक सत्रांत भाग घ्यावा, हे नियमात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तार ओढली गेली ती विद्यार्थ्यासाठी. रोज त्याचं काम पाहणाऱ्या तज्ज्ञाला शंका आली, तर तो आपल्या जुन्या बॅचमेटला फोन लावतो.