धुण्यात गेलेल्या नोटा बँकेत बदलून कशा घ्यायच्या

पँटच्या खिशात राहिलेली पाचशेची नोट धुण्यातून निघाली की माणसं ती आधी दुकानात खपवून बघतात. दुकानदाराने नाकारली की बँकेत जातात, आणि कॅशिअरने 'ही चालणार नाही' म्हटलं की निमूट परततात. पैसे खरे बुडतात ते इथे. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांत (२०१८ मध्ये त्यात सुधारणा झाली) धुतलेल्या, आक्रसलेल्या आणि पुसट झालेल्या नोटांची सरळ तरतूद आहे. अटी दोन: छपाई पूर्ण नाहीशी झालेली नसावी आणि नोट खरी असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटावी.

आपल्या नोटांचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो, त्यामुळे एका धुण्यात तो सहसा विरघळत नाही. नोट अखंड असेल, फक्त चुरगळली, फिकटली किंवा साडीचा रंग लागला असेल, तर ती वैधच आहे. सावलीत वाळवून खात्यात भरा. भरणा यंत्राने परत फेकली तर काउंटरवर द्या.

खरा घोळ फाटलेल्या नोटांचा. पन्नास आणि त्यापुढच्या नोटेसाठी सर्वांत मोठा एकसंध तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण पैसे मिळतात, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याखाली काहीच नाही. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेला निम्मे पैसे नाहीतच. एक तुकडा अर्ध्याहून मोठा असला तर पूर्ण, नाहीतर शून्य. यातला 'एकसंध' हा शब्द लोक वाचतच नाहीत. चार चिंध्या चिकटपट्टीने जोडल्या म्हणून एक तुकडा होत नाही. मात्र पन्नास किंवा अधिकच्या एकाच नोटेचे दोन तुकडे असतील आणि प्रत्येक ४० टक्के तरी असेल, तर पूर्ण किंमत मिळते. म्हणून मशीनची जाळी आणि खिशाचे कोपरे झाडून घ्या. दुसरा तुकडा तिथे सापडला तर अडीचशेचे पाचशे होतात. दोन वेगळ्या नोटांचे तुकडे मात्र चुकूनही जोडू नका. ती जोडनोट ठरते आणि प्रकरण फसवणुकीवर जाऊ शकतं.

किती नोटा आहेत, यावर कुठे जायचं ते ठरतं. पाचपर्यंत खराब नोटांचा निर्णय साध्या शाखेनेच करायचा असतो. जमलं नाही तर तिने पावती देऊन त्या करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा साठवणारी तिजोरी) असलेल्या शाखेकडे पाठवायच्या. पाचांहून जास्त नोटा असतील तर थेट चेस्ट शाखा गाठावी. एकूण रक्कम ५,००० रुपयांपर्यंत असेल तर खात्याचा तपशील जोडून विमा उतरवलेल्या टपालानेही नोटा तिथे पाठवता येतात. जवळची चेस्ट शाखा कुठली, हे सांगणं शाखेचं काम आहे. 'तुमचं खातं आमच्याकडे नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका. ही सेवा खातेदारांपुरती नाही.

अर्ज, प्रतिज्ञापत्र, पोलिसांचा दाखला यांतलं काहीही पाच-दहा नोटांसाठी नियमात मागितलेलं नाही. पासबुकाची झेरॉक्स आणि ओळखपत्र जवळ ठेवा, पैसे खात्यात जमा व्हायचे असतील तर उपयोगी पडतं. जपायचा कागद एकच, तो म्हणजे पावती, आणि नेमकी तीच कुणाकडे नसते. नोटा काउंटरवर ठेवून 'नंतर या' यावर विसंबू नका; पावतीवर पैसे मिळण्याची अंदाजे तारीख लिहून घ्या. ती ३० दिवसांपलीकडची असता कामा नये. हे ३० दिवस बँकेला दिलेले आहेत, तुम्हाला नाहीत. नोट धुतली गेल्यापासून महिन्यात गेलं पाहिजे असा नियम नाही, तेव्हा 'उशीर झाला' म्हणून नोट टाकून देऊ नका.

नोटांची गड्डी भिजून एकमेकींना घट्ट चिकटली असेल तर सुरीने सोडवू नका, इस्त्रीही फिरवू नका. हात लावताच तुटतील अशा नोटा बँक शाखा घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात, म्हणजे नोटा चलनात आणणाऱ्या कार्यालयात, विशेष पद्धतीने तपासल्या जातात. महाराष्ट्रात ही कार्यालयं मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत. दोन हजारांची नोट सापडली तर तीही इथेच. ती बँकांमध्ये भरण्या-बदलण्याची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली, पण नोट बाद झालेली नाही. २०१६ मध्ये बंद झालेल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा मात्र कुठेच बदलून मिळणार नाहीत. कमिशन घेऊन बदलून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

शाखेने तरीही हात वर केले तर तिथेच लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर शिक्का व तारीख मागून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्कही नाही. ही शिक्क्याची प्रत तेवढी जोडा.